ट्रायलला गेलेली गाडी

– नाय रे नाय, चोरीला कोण नेतो ती. चोराला चालवता तर आली पाहिजे. तू बस आधी. त्या स्टुलावर नको, तो डगमगतो. या टायरवर बस, टायर बरा. गाडी ट्रायलला गेलीय, येईल एवढ्यात. मी दर वेळी फोनवर काय सांगत होतो तुला – ट्रायल चालू आहे. मग, चालूच आहे. मी खोटं नाय बोललो. म्हणजे गाडीबद्दल नाय बोललो. मुंबईवरनं सकाळीच उतरलास ना हातखंब्याला? घरी जाऊन आलास? कुलूप होतं? असणार. भाऊ बाहेर गेलेत. कुठे म्हणजे – बाहेर. तुझा बाप काय नजरकैदेत आहे, संदेश? माणूस बाहेर जाणारच. कोकम सरबत घे, घरचं आहे.

आता कुणाला लावतोयस फोन? भाऊंना? तो वाजतोय ना, तो माझ्या खणात वाजतोय. हल्ली इथेच असतो तो, चार्जिंगला. त्यांना कशाला लागतोय फोन, त्यावरचं काय दिसत नाय त्यांना – म्हणजे उन्हात दिसत नाय. उन्हात कुणाला दिसतं? मला पण नाय दिसत. ठेव तो खाली. सरबत पी. मी तुला गाडीचं सांगतो, तू गाडीसाठी आलायस ना?

शिमग्याला आला होतास तू. पालखी नाचली, दुसऱ्या दिवशी तू ही पांढरी गाडी आणून माझ्या दारात लावलीस, चावी टेबलावर टाकलीस नि म्हणालास, काका, मस्त ट्यून करून ठेवा, बाबांना चालवायला होईल, घाई नाय. हे तुझे शब्द – घाई नाय. आता मे संपत आला, झाडावरचा आंबा उतरला, मी घाई केली नाय. यात माझं काय चुकलं सांग. अकरा वर्षांची गाडी, मुंबईत दोन मालकांनी हाणलेली, तू तिसरा. म्हणालास, उचलत नाय, नुसती ओरडते, आणि सुटताना आंघोळ घातलेल्या कुत्र्यासारखी अंग झाडते. बरोबर? तर त्यातलं ओरडणं हा तिचा आजार नाय, तो स्वभाव आहे. तिच्यात पहिला-दुसरा-तिसरा असे गिअरच नाहीत. सीव्हीटी म्हणतात तिला. दोन पुल्या आणि मधे लोखंडी पट्टा. एक पुली मिटते तेव्हा दुसरी उघडते, पट्टा वर सरकतो, खाली सरकतो, झालं – तेवढाच गिअरबॉक्स. गिअर टाकायची सवय असलेल्या माणसाला वाटतं क्लच घसरतोय. आधी ओरड, मागून धाव. आमच्या ग्रामसभेसारखं. पाय जोरात दाबलास की बोंबलते, हळू दाबलास की गुमान पळते. हे मुंबईत कुणी सांगितलं नव्हतं तुला? मुंबईत कुणी हळू दाबतच नाय.

पण ते अंग झाडणं, तो आजार. खरं सांगू? तोवर मी हा गिअरबॉक्स कधी उघडला नव्हता. आता सांगायला हरकत नाय, आता उघडलाय. दुपारी जेवून मोबाईलवर व्हिडिओ बघितले. केरळचा कोण मिस्त्री होता, त्याची भाषा कळत नाय, पण हात कळतात. त्याने जे केलं ते मी केलं. तेल काढलं – बिब्ब्यासारखं काळं, वास करपलेला. कुणीतरी साधं ऑटोमॅटिकचं तेल ओतलेलं त्यात. ह्याला ह्याचंच तेल लागतं, दुसरं चालत नाय, एकदम सोवळ्याचं काम. तळाला लोहचुंबक असतात, त्यांना बारीक चुरा चिकटलेला, मिसरूड फुटल्यासारखा. चुरा ठीक आहे, तुकडा सापडला तर गाडी भंगारात घालायची. तुकडा नव्हता. दोनदा धुऊन नवीन तेल भरलं, फिल्टर बदलला, प्लग बदलले, थ्रॉटल साफ केला. हवेच्या फिल्टरात उंदराने भाताची बेगमी करून ठेवली होती, ती काढली. मग स्कॅनर लावून गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची जुनी शिकवण पुसली. हे महत्त्वाचं. त्याला मागच्या मालकांचा पाय पाठ झालेला असतो, तो विसरायला लावायचा आणि नव्याने शिकवायचं. कसं शिकवायचं? चालवून. हळू सुटायचं, थांबायचं, परत सुटायचं, चढ, उतार, सपाटी. रोज. म्हणून ट्रायल. म्हणून मीटर. तुला ते दिसेलच, म्हणून आधीच सांगतो – अकराशे ऐंशी किलोमीटर जास्त झालंय.

हां, अकराशे ऐंशी.

बस, बस. उठू नको. एवढी ट्रायल लागत नाय, मला माहितेय. शंभर-दीडशेत काम झालं होतं. पाडव्यापर्यंत गाडी तयार होती. लोण्यासारखी सुटत होती. मग मी दिली का नाय? आता ऐक, मी सांगतो, पण मधे बोलू नको, मधे बोललं की माझं चुकतं.

भाऊ रोज इथे यायचे. तू मुंबईला गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासनं. मी म्हटलं, चौतीस वर्षं एसटी हाकलेला माणूस, नवीन गाडीची ओढ लागली असेल. यायचे, आता तू बसलायस त्याच टायरवर बसायचे, आणि विचारायचे, आत्मा, झाली का रे? मी म्हणायचो, अजून नाय भाऊ. ते म्हणायचे, बरं बरं, होऊ दे सावकाश. तोंडावर आनंद, संदेश! गिऱ्हाईकाला गाडी झाली नाय म्हणून सांगितलं आणि गिऱ्हाईक खूश झालं, असं माझ्या तीस वर्षांत घडलं नव्हतं. मला वाटलं सज्जन माणूस. पाडव्याला म्हटलं, भाऊ, तोंड गोड करा, गाडी झाली. तर चेहरा असा उतरला – आणि माझा हात धरून म्हणाले, आत्मा, ही एवढ्यात देऊ नको. पोराला सांग काम निघालंय. मी विचारलं, का? म्हणाले, बिनगिअरची गाडी ही, मला नाय जमायची, पोराने हौसेने घेतलीय, त्याला कसं सांगू. मला पटलं. एसटीवाल्याच्या हातातला दांडा काढून घेतला तर तो हात ठेवणार कुठे? म्हणून मी तुला सांगितलं, ट्रायल चालू आहे. भाऊंच्या शब्दाखातर सांगितलं. पहिल्यांदा.

दुसऱ्यांदापासनं माझ्या मतलबाने सांगितलं. ते पण सांगतो.

चिमा – आमची मंडळी रे, तू ओळखतोस, मागच्या घरातनं डबा घेऊन येते ती. तिचा डावा पाय बारीक आहे, लहानपणीचा पोलिओ. हात गुडघ्यावर दाबून चालते. तर ती एक दिवस डबा घेऊन आली, मी गाडीखाली होतो, तिने खिडकीतनं आत बघितलं नि म्हणाली, ओ, ह्याला दोनच पॅडल कशी? मी खालनं म्हटलं, ह्याला क्लच नसतो. ती म्हणाली, मग डावा पाय? म्हटलं, डाव्या पायाला कामच नाय, बसून राहायचं त्याने. मला तिची नुसती पावलं दिसत होती, एक सरळ, एक आडवं. बराच वेळ तिथेच. मग म्हणाली, मग?

एवढंच. मग?

तुला नाय कळायचं ते. लग्न झालं तेव्हाची गोष्ट. मी नुकतं गॅरेज टाकलं होतं, दारात चार-चार गाड्या. ही एकदा म्हणाली, मला शिकवाल? मी हसलो. हसलो ते हसलो, वर म्हटलं, क्लच कोण दाबणार, तुझा बाप? चार गिऱ्हाईकं बसली होती, ती पण हसली. सासरा माझा तेव्हा जिवंत होता, तो पण तिथेच बसला होता, पेरू खात होता. तोही हसला बिचारा. या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. त्यानंतर तिने कधी विचारलं नाय. एसटीची पायरी उंच म्हणून माहेरी जाणं कमी झालं. बाजाराला जायचं तर मला वेळ असेल तेव्हा. मला वेळ कधी असतो? मी रत्नागिरीतल्या निम्म्या गाड्या चालवल्या असतील, संदेश, आणि ती माझ्या शेजारी बसून हातखंब्याच्या पुढे वर्षात दोनदा. हे मी कधी मोजलं नव्हतं. गाडीखाली पडल्या पडल्या मोजलं. तेल गळत होतं कपाळावर, पुसायचं पण सुचलं नाय.

म्हणून दुसऱ्या दिवशी तिला वर सड्यावर नेली. कातळच नुसता, सपाट, वाऱ्याशिवाय कोण नाय. तुझ्या गाडीतनं नेली, आणखी कशातनं नेणार, माझ्याकडच्या बाकी सगळ्या क्लचच्या. आणि मी शिकवायला लागलो. म्हणजे ओरडायला लागलो. ब्रेक! ब्रेक म्हटलं ना! तिने घाबरून ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी जाऊन रचलेल्या चिऱ्यांच्या गडग्याला लागली. पुढचा बंपर, डावी बाजू. मी तो रंगवलाय, तुला शोधून सापडणार नाय. बरं, सापडला तर सांग, परत रंगवतो. ती गाडीतनं उतरली आणि चालत घरी निघाली. त्या पायाने, सड्यावरनं. मी मागनं गाडी घेऊन, बस गो, बस गो करत. बसली नाय.

ते भाऊंनी बघितलं. इथनंच. म्हणजे बघितलं कसलं, ऐकलं असणार माझं ओरडणं. मला म्हणाले, तू बाजूला हो. नवऱ्याने बायकोला शिकवायचं नसतं. एसटीत मी बारा पोरं तयार केलीत, एकावर आवाज चढवला नाय. आणि खरंच, संदेश, काय शिकवलं त्या माणसाने! चार दिवस गाडी चालूच करू दिली नाय. नुसतं बसायचं. आरसा, सीट, पाय कुठे, हात कुठे. मग चालू केली की म्हणायचे, चिमे, गाडी ही ऐकायची असते. डोळे मीट नि इंजिन ऐक. आता सांग किती फिरतंय. तिला आवाजावरनं कळायला लागलं, किती दाबला की ओरडते नि किती दाबला की पळते. मी सुरुवातीला जे सांगितलं ना तुला, हळू दाबलं की गुमान पळते – ते माझं नाय, तिचं आहे. मी गिअरबॉक्स ट्यून केला, पण ती गाडी ट्यून केली या दोघांनी. रोज सकाळी आठ ते दहा, सड्यावर. मी इकडे तुला फोनवर, ट्रायल चालू आहे. शिकाऊ लायसन्स काढलं तिचं, मागे लाल एल चिकटवला. घरात जेवताना बोलायला लागली बाई. सत्तावीस वर्षं भाजीत मीठ बरंय का एवढंच बोलणारी, ती मला सांगते, तुम्ही वळताना आरसा बघत नाय. तर मला बरं वाटत होतं. गाडी परत द्यावीशी वाटेना. हा माझा मतलब.

आणि भाऊंचं कळलं ते पण तिलाच. मला काय कळतंय. मी त्यांना इंजिन उघडून दाखवायचो नि ते हां हां करायचे. चिमाने चहा दिला, त्यांनी कप ठेवला तो बोनेटच्या कडेबाहेर. एकदा झालं, दोनदा झालं. मग तिने लक्ष ठेवलं. मान पूर्ण वळवल्याशिवाय त्यांना बाजूचा माणूस दिसत नव्हता. शेजारनं सायकल गेली की दचकायचे. आणि इथली पाखाडी उतरताना – तू बघितलं असशील, हल्ली ते एकेक पायरी बसून उतरायचे. तुला काय सांगितलं त्यांनी? गुडघे. गुडघे दुखतात. आणि गुडघ्यांना त्रास नको म्हणून तू ही बिनक्लचची गाडी घेतलीस. चांगल्या मनाने घेतलीस, मी नाय म्हणत नाय. पण संदेश, गुडघे ठणठणीत आहेत त्यांचे. पायरी दिसत नव्हती.

पी ते सरबत. पी.

तिने त्यांना सरळ विचारलं. मी नसताना. ते म्हणाले, कड गेलीय गो पोरी, दोन वर्षं झाली, नळीतनं बघितल्यासारखं दिसतं. मधलं स्पष्ट आहे, म्हणून कुणाला कळत नाय. डॉक्टरला दाखवलं? नाय. का? पोराला कळेल. कळलं तर काय? तर म्हणाले, मुंबईला नेईल, चौथ्या मजल्यावर ठेवील, सून चांगली आहे, नातू चांगला आहे, सगळं चांगलं आहे, पण मला तिथे खिडकीतनं दुसऱ्या खिडकीशिवाय काय ऐकू येत नाय. – ऐकू येत नाय म्हणाले ते. दिसत नाय असं नाय म्हणाले. आणि तिच्याकडनं वचन घेतलं. मी तुला शिकवतो, तू गप्प बस. ती गप्प बसली. पंधरा दिवसांनी मला सांगितलं. मग मी पण गप्प बसलो. म्हटलं, म्हातारा आपल्या मर्जीचा मालक आहे. असं म्हटलं, पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण – तुला कळवलं असतं तर तू आला असतास, त्यांना नेलं असतंस, गाडी पण नेली असतीस. आणि टेस्टला तेवीस दिवस राहिले होते. हे आता मी तोंडाने बोललो, बोलायचं नव्हतं. बोललो तर बोललो.

मग ती सकाळ आली. तीन तारीख. मी चिपळूणला गेलो होतो, एका ट्रकचा पार्ट आणायला. हे दोघं सड्यावर. साडेनऊच्या सुमाराला भाऊंनी डोकं धरलं. उजवा डोळा लाल, विंचू चावल्यासारखी कळ, ओकाऱ्या सुरू. म्हणायला लागले, सूर्याभोवती रंगीत कडी दिसतायत. चिमाला वाटलं ऊन लागलं. पाणी मारलं. कमी होईना. सड्यावर रेंज नाय, रिक्षा नाय, माणूस नाय. तिने त्यांना तसंच सीटवर ठेवलं, पट्टा बांधला आणि गाडी खाली घेतली. तोवर ती मुख्य रस्त्यावर कधी गेली नव्हती. कधीच नाय. सड्यावरनं खाली तीन वळणं, मग मोरी, मग हायवे. आणि आंब्याचा मोसम, पेट्यांच्या गाड्या वाऱ्यासारख्या धावतायत. कायद्याने बरोबर होतं, शिकाऊच्या शेजारी लायसन्सवाला माणूस बसलेला होता. डोळे मिटलेला असला म्हणून काय झालं, लायसन्स ते लायसन्स.

आणि त्या माणसाने तिला नेली. कसं माहितेय? डोळे मिटून. चौतीस वर्षं त्या रस्त्यावरनं त्यांची एसटी गेली, त्यांना तो पाठ. रुमाल डोळ्यावर दाबलेला, मधे ओकतायत, आणि सांगतायत – आता डावीकडचं मोठं वळण, उताराचा मोड टाक, ब्रेकवर बसू नको, इंजिनला धरू दे. आता मोरी, हॉर्न दे. आता चढ, पाय एकसारखा ठेव, ओरडू दे तिला, ती चढेल. आता उजवीकडे शाळा, पोरं असतील. ती तशीच चालवत गेली. सगळं जुळत होतं. मग हायवेला लागले. भाऊ म्हणाले, पुढे वडाचं झाड येईल, तिथनं रस्ता अरुंद होतो, डावी धर. ती म्हणाली, भाऊ, झाड नाय. म्हणाले, येईल. ती म्हणाली, तोडलंय भाऊ, चौपदरीला तोडलं, इथे सगळं खणून ठेवलंय, बाण लावलेत, रस्ता पलीकडे वळवलाय. भाऊ म्हणाले, मग मला माहीत नाय. तुझं तू बघ.

ते मला तिने सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाय. म्हणाली, तिथे ना, मला वाटलं थांबवावी. मागे ट्रक, पुढे ट्रक, धुरळा. पण थांबून करणार काय? मग माझं मी बघितलं.

माझं मी बघितलं, म्हणाली.

कुवारबाव, साळवी स्टॉप, मारुती मंदिर, खाली जयस्तंभ. बाजाराची वेळ. एकदा बंद पडली नाय, एकदा कुणाला लागली नाय. गिअरबॉक्स तापला पण नाय, ते माझं काम, तेवढं श्रेय मला राहू दे. तिने दवाखान्याच्या दारात गाडी लावली – आडवी लावली, ते सोड – आणि आत जाऊन माणसं घेऊन आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, काचबिंदूचा झटका, डोळ्यातला दाब फुटायच्या बेताला आला होता, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर हा डोळा गेला होता. थेंब, इंजेक्शनं, मग दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळ्यांना लेसर. तीन दिवस होते ते आत. कडेचं जे गेलंय ते गेलंय, ते परत येणार नाय. मधलं आहे ते थेंब घालून राखायचं, जन्मभर, वेळेवर, आणि दर महिन्याला दाब तपासायचा.

आणि तू त्या दिवशी फोन केला होतास मला. दुपारी एक वाजता. आठवतंय? बाबांचा फोन लागत नाय म्हणालास. मी वॉर्डाच्या बाहेर बाकावर होतो, चिपळूणवरनं तसाच धावत आलेला, हाताला ग्रीस. आणि मी तुला काय सांगितलं? सड्यावर बसलेत मजेत, रेंज नाय तिकडे. तू म्हणालास, बरं. आणि ठेवलास. हे ते खोटं. भाऊंनी मला आधीच दम दिला होता, पोराला कळवलंस तर तुझ्या गॅरेजची पायरी चढणार नाय. माझ्या गॅरेजला पायरीच नाय, पण मी ऐकलं. ऐकायला नको होतं. तुझा बाप आहे तो. त्याच्या डोळ्यात काय चाललंय हे गावातल्या मिस्त्रीला ठाऊक आणि तुला नाय, हे काय बरोबर नव्हे. तुला माझ्या कानाखाली मारायची असेल तर मार. मी चष्मा काढून ठेवतो.

नाय? बरं. मग काय बघतोयस असा. पाणी देऊ?

त्यांनीच सांगितलं काल, संदेशला बोलाव म्हणून. म्हणून तुला फोन केला, गाडी झालीय, ये. दोघं आज तपासणीला गेलीत. तिने टेस्ट दिली वीस तारखेला, तुझ्याच गाडीवर, पहिल्या झटक्यात पास. साहेबाने विचारलं, शिकवलं कुणी? तर माझं नाव नाय घेतलंन. बरोबरच आहे. आता हे बघ, गाडी तुझी, बाप तुझा. मुंबईला न्यायचं तर ने, तिथे मोठे डॉक्टर आहेत, मला माहितेय. इथे ठेवलंस तर थेंब चिमा घालते दिवसातनं तीनदा, घड्याळ लावून, आणि महिन्याला तपासणीला नेईल. मी तुला गाडी इथे ठेव असं म्हणत नाय. मी काय पण म्हणत नाय. मी म्हणायला लागलो की त्यात माझा मतलब येतो, आणि आता मतलब कुठला नि माया कुठली ते मलाच कळेनासं झालंय. तू त्यांच्याशी बोल. ऐक त्यांचं, आणि तुझं पण सांग. ते रागावतील. रागावू देत, तुझा पण राग असेल, तो पण बाहेर काढ.

आली. हॉर्न ऐकलास? मोरीजवळ वाजवते.

थांब, असा बाजूने धावू नको, बाजूचं त्यांना दिसत नाय, दचकतील. रस्त्याच्या मधे जा, गाडीच्या एकदम समोर, आणि उभा राहा. ती थांबवेल, घाबरू नको, ब्रेक चांगले आहेत. समोर उभा राहिलास की दिसशील तू त्यांना, चांगला पूर्ण दिसशील. जा. – मी? मी कशाला येऊ? मला काम आहे. काय काम ते तुला काय करायचंय. डोळे पूस आधी नि जा. जा म्हणतो ना, थांबलीय बघ ती.